पहिली जुनी कॅटामरान घेताना: नाशिककरांसाठी पाण्यापासून सौद्यापर्यंतचा क्रम

पहिल्यांदा जुनी कॅटामरान बघायला गेलेला माणूस आधी शीड उलगडायला लावतो. रंग छान, कापड कडक, डेक चकचकीत, की मनातल्या मनात सौदा पक्का. मग घासाघीस, मग टेम्पो, आणि बोट गंगापूरच्या काठावर आल्यावर एकेक प्रश्न वर येतो: ठेवायची कुठे, उचलायची कुणी, हलमध्ये, म्हणजे बोटीच्या पोकळ अंगात, पाणी का भरतंय, उलटली तर सरळ कशी करायची. यातला एकही प्रश्न आधी विचारता आला नसता असा नाही. क्रम उलटा झाला, एवढंच.

शीड फाटलं तर नवं येतं. डोलकाठी धरून ठेवणारी तार तुटली तर बदलता येते. पण हलचा गाभा सुटला असेल, किंवा बोट तुमच्या पाण्याला आणि तुमच्या वजनाला न शोभणारी असेल, तर पैसे ओतूनही ती सुधारत नाही. म्हणून जे सुधारता येत नाही ते आधी तपासायचं, आणि जे बाजारात मिळतं ते शेवटी. पुढचे टप्पे याच क्रमाने आहेत. मधला एखादा गाळून पुढे जाऊ नका.

ओळख नसलेल्यांसाठी दोन वाक्यं. बीच कॅटामरान म्हणजे दोन लांबट पोकळ हल, त्यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची चौकट, चौकटीवर ताणलेलं जाळीदार कापड म्हणजे ट्रॅम्पोलिन, आणि वर डोलकाठी. केबिन नाही, इंजिन नाही. बसायचं ट्रॅम्पोलिनवर आणि भिजायचं.

टप्पा १: बोटीआधी पाणी ठरवा

ही बोट मुळात वाळूवर ओढून ठेवता यावी म्हणून घडवलेली आहे. नाशिकला वाळू नाही. गंगापूर, दारणा, मुकणे, वैतरणा, कुठल्याही जलाशयाचा काठ घ्या. मुरूम, काळा दगड आणि पाणी उतरलं की गाळ. पावसाळा संपताना पाणी काठोकाठ असतं, तेव्हा सगळंच सोपं वाटतं. एप्रिल-मेमध्ये तोच काठ बराच आत सरकतो, आणि ऑक्टोबरात जिथून सहज बोट ढकलली होती तिथे आता उतार, चिखल आणि वर डोकावणारे खडक असतात. म्हणून जागा उन्हाळ्याच्या शेवटी एकदा चालत बघून या. पाण्याखालचे खडक कुठे आहेत ते तेव्हाच दिसतं, आणि मोबाइलवर काढलेले तेव्हाचे फोटो पुढे पाणी भरल्यावर कामाला येतात.

तिथे उभं राहून चार गोष्टींची उत्तरं मिळवा.

परवानगी कुणाची? गंगापूरचं पाणी शहराला प्यायला जातं आणि जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत. काठावर बोट क्लब आहे याचा अर्थ कुणीही आपली बोट आणून सोडावी असा होत नाही. संबंधित विभागाला लेखी अर्ज द्या, नोंदणीबाबत महाराष्ट्र सागरी मंडळाकडे लेखीच विचारा, आणि उत्तर हातात येईपर्यंत बयाणा देऊ नका. तोंडी ‘काही होत नाही हो’ वर विसंबू नका.

बोट राहणार कुठे? माझ्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. डोलकाठी उभी ठेवून, बांधून, पाण्याजवळ राखणीत बोट ठेवता आली तर तुम्ही दर आठवड्याला जाल. दर वेळी घरून न्यायची, जोडायची, पुन्हा सोडायची असेल तर सुरुवातीला जोडणीतच तासभर जातो, आणि चार-सहा महिन्यांत बोट पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली जाते.

पाण्यात काय काय आहे? बॅकवॉटरला मासेमारीची जाळी असतात, उपसा सिंचनाचे पाइप असतात, मोटारींसाठी काठापर्यंत ओढलेल्या विजेच्या तारा असतात. या तारांबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

वारा कसा आहे? पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरकस असतो, पण डोंगररांगांवरून येताना तो झोताझोताने येतो. एक क्षण शांत, दुसऱ्या क्षणी हल हवेत. हिवाळ्यात सकाळी बऱ्याचदा पान हलत नाही. शिकायला उन्हाळ्याच्या सुरुवातीची दुपार किंवा पावसाळा सरल्यानंतरचे दिवस बरे.

*इशारा:* धरणातून विसर्ग सुरू असताना बोट काढायची नाही, आणि भिंत व दरवाजांच्या बाजूला तर कधीच जायचं नाही. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या अंगाला पाणी चढलंय असं कळलं की शीड घडी करून ठेवा.

टप्पा २: माणसं मोजा, मग मॉडेल निवडा

बोट किती जणांना नेऊ शकते हे सगळे विचारतात. उलटल्यावर तिला सरळ किती जण करू शकतात, हे विचारायचं राहतं. कॅटामरान उलटते; शिकताना तर नक्कीच. मग खालच्या हलवर उभं राहून दोरीला लटकत, अंग मागे टाकून तिला वर काढायचं असतं, आणि ते काम ताकदीपेक्षा वजनाचं आहे.

जुन्या बाजारात सर्वाधिक नाव ऐकू येतं ते हॉबी १६ चं. लांबी ५.०४ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन सुमारे १४५ किलो, शिडं दोन. या वर्गाच्या शर्यतींत दोघा खलाशांचं मिळून किमान वजन १२९ किलो धरतात, आणि उलटलेली बोट सरळ करायलाही साधारण तेवढंच वजन लागतं. ५५ किलोचा एकटा माणूस ती उचलू शकणार नाही. दुसरं म्हणजे तिचे हल पुढच्या टोकाला निमुळते आहेत. जोराच्या झोतात वाऱ्याआडच्या हलची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात घुसते आणि बोट पुढच्या बाजूने कोलांटी खाते. मागे सरकून बसायची सवय लागेपर्यंत हे होणारच.

तरीही दोन धडधाकट माणसं कायम बरोबर असतील तर हॉबी १६ चांगली निवड आहे: सुटे भाग जगभर मिळतात, आणि तिला खाली सरकवायचे सेंटरबोर्ड (हलखाली पाण्यात उतरवायच्या फळ्या) नसल्याने उथळ पाण्यात अडकायला काही नाही. बहुतेक वेळ एकटेच जाणार असाल तर हॉबी वेव्हसारखी १३ फुटी, एका शिडाची, सुमारे १११ किलोची बोट शोधा. घरच्यांना घेऊन रमतगमत फिरायचं असेल तर हॉबी गेटअवे. वेव्ह आणि गेटअवे दोन्ही साच्यात ओतलेल्या जाड प्लास्टिकच्या आहेत. वेग कमी, आकाराच्या मानाने वजन जास्त. गेटअवे तर १७५ किलोच्या वर जाते. पण काळ्या दगडाच्या काठावर फायबरचा तळ जिथे झिजतो तिथे हे प्लास्टिक ओरखड्यावर निभावतं. नाशिकच्या काठासाठी, एवढं वजन उचलायला माणसं असतील तर, मी पहिली पसंती प्लास्टिकच्या बोटीला देईन.

हॉबी १८, नॅक्रा ५.२, टोर्नाडो यांना खाली सरकणारे बोर्ड आहेत. उतरत्या पाण्यात खडकाला बोर्ड आपटला की त्याच्या खोबणीलाच तडा जाण्याची भीती. स्वस्तात मिळाली तरी पहिली बोट म्हणून नको.

टप्पा ३: फोनवरच अर्ध्या बोटी गाळा

नाशिकहून मुंबई, अलिबाग किंवा गोव्याला बोट बघायला जाणं म्हणजे दिवस आणि पैसे. त्याआधी मालकाकडून हे मागवा: दोन्ही हलच्या तळाचे फोटो, डोलकाठीच्या बुडाचे आणि शेंड्याचे फोटो, तारांच्या टोकांचे जवळून फोटो, आणि हल क्रमांकाचा फोटो. हा क्रमांक सहसा उजव्या हलच्या मागच्या फळीवर कोरलेला असतो. बहुतेक बोटींत शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. मालक म्हणतो पाच वर्षांची आणि अंक बोलतात पंचवीस वर्षांची, असं असेल तर तिथेच थांबा.

कागदांत मूळ खरेदीचं बिल, आणि बोट परदेशातून आलेली असेल तर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा सीमाशुल्काचा कागद. शेवटची कधी पाण्यात होती, तारा कधी बदलल्या, हलची दुरुस्ती कुठे झाली, हे तिन्ही प्रश्न सरळ विचारा. तळाचे फोटो द्यायला जो टाळतो त्याच्याकडे जायचं नाही.

*तपासा:* ‘सगळे पार्ट आहेत’ हे उत्तर धरू नका. बोट तुमच्यासमोर पूर्ण उभी करून दाखवायची, हे फोनवरच ठरवून घ्या.

टप्पा ४: हल, आणि इथे घाई नाही

सोबत घ्यायचं सामान: एक रुपयाचं नाणं, टॉर्च, सुती फडकं, मोजपट्टी, साबणाचं पाणी भरलेली फवाऱ्याची बाटली, पाण्याच्या पाइपचा तुकडा, खडू.

आधी दोन्ही हलचे मागचे बूच उघडा आणि नाळ उचलून धरा. पाणी आलं तर किती, कसलं? स्वच्छ वाटीभर पाणी चालेल. काळपट, कुबट वासाचं बादलीभर पाणी म्हणजे ते कित्येक महिने आत साचलेलं आहे.

फायबरच्या हलमध्ये दोन पातळ थरांच्या मध्ये फोमचा गाभा असतो. वर्षानुवर्षं त्यावर गुडघे टेकून, उड्या मारून गाभा थरापासून सुटतो. वरून काहीच दिसत नाही. एका बोटीच्या डेकवर ताजा पांढरा रंग होता, आरशासारखा. चौकट पेलणाऱ्या पुढच्या आखूड खांबाच्या थोडं पुढे तळहात टेकवून दाबलं तर डेक नखाएवढा खाली गेला आणि हात काढल्यावर हलकासा ‘टक्’ आवाज करून वर आला. तो ‘टक्’ म्हणजे सुटलेला गाभा. म्हणून डेकचा दर दोन-तीन इंच भाग दोन्ही अंगठ्यांनी दाबत जा. हॉबी १६ मध्ये चौकट ज्या आखूड खांबांवर उभी असते, त्यातल्या पुढच्या खांबाभोवती आणि त्याच्या पुढचा हातभर भाग सर्वांत जास्त दाबून बघा. मऊ लागलं तिथे खडूने गोल करा.

मग नाणं. माठ घेताना बोटाने वाजवून बघतो तसं हलवर नाणं वाजवत पुढे जा. खणखणीत आवाज चालू असताना मध्येच तो बसका, मेलेला झाला तर तिथेही खडू. डाव्या हलच्या एका जागेची उजव्या हलच्या त्याच जागेशी तुलना करा. कान लगेच तयार होतो. बोट सावलीत असताना हे करा, उन्हात तापलेला डेक एरवीही जरा लवचिक वाटतो आणि उगाच गोंधळ होतो.

निर्णय असा घ्या. खांबांपासून लांब, तळहाताएवढी एखादी मऊ जागा असेल तर ती इपॉक्सी भरून दुरुस्त होते; किंमत पाडून घ्या. खांबाभोवती मऊ असेल, किंवा खडूचे गोल एकमेकांना भिडत असतील, तर बोट सोडून द्या. दुरुस्तीचा खर्च हा प्रश्नच नाही. भर पाण्यात खांब हलमधून निसटणं म्हणजे बोट दुभंगणं.

आता बोट आडवी करा किंवा जाड गादीवर पालथी घाला आणि तळ बघा. गोलसर असायला हवी तिथे अंगठ्याएवढी रुंद सपाट पट्टी झिजलेली दिसली, किंवा काचेच्या धाग्यांची वीण उघडी पडली असेल, तर तळाला नवे थर चढवावे लागतील. ते काम फायबरचा चांगला कारागीर करू शकतो. त्याचा अंदाज आधी घ्या आणि तेवढे पैसे किमतीतून वजा करा. प्लास्टिकच्या हलमध्ये गाभा सुटण्याचा प्रश्न नाही. तिथे बसलेले पोचे आणि बूच व जोडांजवळच्या बारीक तडा शोधा.

शेवटी गळती. बूचाच्या भोकाला पाइप लावून तोंडाने फुंका, दुसऱ्याने सांध्यांवर साबणाचं पाणी मारावं. बुडबुडे आले ती गळती. हलमध्ये हवा खेळायला मुद्दाम ठेवलेलं एक बारीक भोकही असतं, तिथून आलेली हवा गळती समजू नका.

*इशारा:* पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर कधीही लावू नका. एवढ्या दाबाने हलचे सांधे उकलतात, आणि बोट अजून तुमची झालेली नसते.

टप्पा ५: चौकट, डोलकाठी, तारा

चौकटीचा एक कोपरा उचला. हॉबी १६ थोडी पीळ खाते, ते तिचं मूळचं आहे. पण खांब हलच्या खोबणीत खडखड वाजत असेल तर ते गंभीर आहे.

डोलकाठी जमिनीवर ठेवून एका टोकाने, बंदुकीचा नेम धरावा तशी, शिडाच्या खाचेतून बघा. वाक लगेच कळतो. स्टीलचे रिव्हेट अ‍ॅल्युमिनियमला जिथे भिडतात तिथे पांढरी भुकटी आणि फुगवटे शोधा, कारण समुद्रावरून आलेल्या बोटींना हा रोग हमखास असतो. मग डोलकाठी उचलून वरखाली करा. आत पाणी खळखळलं तर ती बंद राहिलेली नाही. बंद डोलकाठी उलटलेल्या बोटीला आडवं तरंगत ठेवते. गळकी डोलकाठी पाणी भरून खाली जाते आणि बोट पूर्ण पालथी होते. आपल्याकडच्या उथळ बॅकवॉटरमध्ये तिचा शेंडा गाळात रुतला, की मोटरबोटीच्या मदतीशिवाय सुटका नाही.

तारांचं टोक जिथे धातूच्या नळीत दाबून बसवलेलं असतं, ती जागा टॉर्च धरून बघा. संपूर्ण तारेवरून सुती फडकं ओढा. कुठे फडकं अडकलं तर तिथे पेड तुटला आहे. उघडं बोट फिरवलंत तर रक्त येईल. तारेवर प्लास्टिकचं वेष्टण असेल तर आतला गंज दिसत नाही, म्हणून तशी तार संशयितच धरा. एक पेड तुटलेला दिसला तरी सगळ्या उभ्या तारा बदलायच्या. तारा कधी बदलल्या याचा पुरावा नसेल तर न तुटलेल्याही बदला, आणि हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा.

टप्पा ६: सुकाणू, ट्रॅम्पोलिन, शिडं

सुकाणूची दोन्ही पाती खाली पाडून लॉक करा आणि हाताने हलवा. किंचित ढिलेपणा बुश बदलून जातो. पातं धरणाऱ्या ओतीव भागाला तडा असेल तर तो भागच नवा. खडक लागल्यावर पातं झटक्याने वर उठलं पाहिजे; अडकून राहत असेल तर लॉकची स्प्रिंग बघा. दोन्ही पात्यांमधलं अंतर पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला मोजा. फरक काही मिलिमीटरच हवा.

ट्रॅम्पोलिनची शिवण नखाने खरवडा. उन्हाने मेलेला दोरा भुगा होऊन हातात येतो. शिडाचंही तसंच, शिवाय पट्ट्या भरायचे कप्पे आणि तितक्या पट्ट्या आहेत का मोजा. जुनं, मऊ पडलेलं शीड शिकायला पुरेसं असतं, त्यावरून सौदा मोडू नका.

टप्पा ७: पूर्ण उभी करा, मग पैशांचं बोला

मालकाला सगळी बोट तुमच्यासमोर जोडायला सांगा. तुम्ही प्रत्येक जोडणीचा फोटो काढा. घरी तुम्हाला एकट्यानेच हे करायचं आहे. कमी असलेले पिन, शॅकल, कप्प्या, दोऱ्या लिहीत जा. यातले बरेच भाग बाहेरून मागवावे लागतात आणि किरकोळ वाटणाऱ्या यादीची बेरीज किरकोळ राहत नाही. शक्य असेल तिथे अर्धा तास पाण्यात काढून आणा, आणि परतल्यावर बूच उघडून पुन्हा पाणी मोजा. हल, तारा आणि कमी भाग यांचा खर्च वजा करून मगच आकडा सांगा.

*इशारा, आणि हा सगळ्यांत मोठा:* हॉबी १६ ची डोलकाठी ८ मीटरची, धातूची आहे. उभी करण्याआधी मान वर करून आभाळ बघा. तिथेच नव्हे, तर जोडलेली बोट जिथून ढकलत पाण्यापर्यंत नेणार तो सगळा रस्ताही बघा. बॅकवॉटरला शेतीच्या मोटारींच्या तारा अगदी काठावर आणि कधी पाण्यावरूनही जातात. धरण भरलं की त्या तारा आणि डोलकाठीचा शेंडा यांतलं अंतर कमी होतं. काही डोलकाठ्यांचा वरचा तुकडा विजेपासून बचावासाठी फायबरचा असतो, पण त्याच्या भरवशावर तारेखालून जायचं नाही.

टप्पा ८: कसारा चढून घरी

चौकट सोडून दोन्ही हल वेगळे करता येतात, तेव्हा ५ मीटरचे हल मोठ्या टेम्पोत बसतात. अडचण डोलकाठीची. ट्रान्सपोर्टरला तिची लांबी आधी सांगा आणि ती पूर्ण आत मावेल अशी गाडी ठरवा. मागे लोंबती डोलकाठी महामार्गावर दुसऱ्याच्या जिवावर बेतते. कापून आणून इथे जोडू, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कापलेली डोलकाठी संपली.

हल जाड फोमवर ठेवा. पट्टे खांबांजवळ आवळा, डेकच्या मधोमध नको. घाटाच्या आधी एकदा आणि इगतपुरीला पोहोचल्यावर एकदा थांबून पट्टे तपासा. पिन-शॅकल एका डब्यात, आणि तो डबा तुमच्या मांडीवर.

टप्पा ९: पहिल्यांदा पाण्यात

बोटीची चाकं नसतील तर पहिली खरेदी तीच. मुरमावरून बोट ओढत नेली की तळाची झीज तुम्ही स्वतः सुरू केली.

हलका, काठाकडे येणारा वारा निवडा. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी. बोट उलटल्यावर सरळ करायची दोरी बांधली आहे का बघा. मग कमरेच्या वर पाणी असलेल्या, तळाला खडक नसलेल्या जागी, मदतीची बोट जवळ ठेवून, मुद्दाम उलटवा आणि सरळ करा. नाळ वाऱ्याकडे वळवून घ्या, म्हणजे शिडाखाली वारा शिरून उचलायला मदत होते. दोघांनाही हे जमेपर्यंत मध्यावर जायचं नाही, आणि दोघांनी मिळूनही न जमल्यास बोट तुमच्या वजनाला मोठी आहे. वजनदार जोडीदार शोधा किंवा सरळ करायला पाण्याने भरून लटकवायची पिशवी घ्या.

तासाभराने काठावर या, बूच उघडा आणि दोन्ही हलमधलं पाणी वेगवेगळं मोजून तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या वेळी एका हलमध्ये आकडा वाढलेला दिसला, तर साबणाचं पाणी घेऊन टप्पा ४ मधली गळतीची तपासणी त्याच दिवशी पुन्हा करा.